तेल तापलं की बोट वर

ह्यांना झटका आला त्या सकाळी पिकअप दारात उभी होती आणि तिच्यामागे जनरेटरची ट्रॉली जोडून तयार होती. चाकणच्या एका कारखान्यात वीज बंद ठेवून दुरुस्ती व्हायची होती, तेवढा दिवस त्यांचे पंप आमच्या जनरेटरवर चालायचे होते. हे चहा पिऊन उठले, डाव्या पायात बूट घातला, उजवा हातात घेतला आणि तसेच खाली बसले. मी आतून विचारलं, काय झालं? उत्तर आलं नाही. त्यानंतर वर्षभर माझ्या कुठल्याच प्रश्नाला ह्यांचं उत्तर आलं नाही.

उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. डावा हात तेवढा राहिला, तोही अर्धामुर्धा.

आम्ही मूळचे लातूरकडचे. लग्न झाल्यावर आकुर्डीला आलो. हे आधी कंपनीत कंत्राटावर होते, मग ते सुटलं आणि जुनी पिकअप घेतली. पुढे चाकांवरचा जनरेटर घेतला आणि ट्रॉली उभी करायला जागा हवी म्हणून कुरुळीत खोली केली. आमच्या घरमालकीण मावशी तिथल्याच जुन्या घरातल्या. त्यांचं रान कधीच कंपन्यांच्या आवारात गेलं होतं. उरलेल्या तुकड्यावर त्यांनी चार खोल्या बांधल्या होत्या आणि त्या दिवसभर दारात बसून कंपनीच्या बसा मोजायच्या. मूलबाळ आम्हांला नाही. तेव्हा झटक्यानंतर घरात बोलणारी मी एकटीच उरले.

गाडी चालवायला मला ह्यांनीच शिकवलं होतं. रविवारी एमआयडीसीतले मोकळे प्लॉट असायचे, तिथे. हौस म्हणून शिकले आणि लायसन काढून कपाटात ठेवलं. हे दवाखान्यातून घरी आले आणि महिन्याभरात माझ्या ध्यानात आलं, की ते लायसन आता कपाटातून काढावं लागणार. ट्रॉली ओढायची मात्र मला सवय नव्हती. मागं घेताना ट्रॉली उलट्याच बाजूला पळते. पहिल्या आठवड्यात मी मावशींची तुळस पाडली आणि एका कंपनीच्या गेटचा खांब घासला. पण हळूहळू जमलं.

ह्यांना एकटं कुठे ठेवणार, म्हणून सोबतच घ्यायची. शेजारच्या सीटवर बसवायचं, पट्टा लावायचा, मान कलू नये म्हणून उजव्या खांद्यामागे घडी केलेली शाल. गाडीत हे शांत असायचे. घरी रडवेले व्हायचे, कपडे ओढायचे. गाडीत बसवलं की नजर समोर लावून बसायचे. मला वाटायचं, माणूस आपल्या जागी आला.

इथे तेलाच्या मीटरचं सांगायला हवं. पिकअपला कंपनीचा जो काटा येतो तो पाण्याचा, म्हणजे रेडिएटरमधलं पाणी किती तापलं ते सांगणारा. ह्यांनी चाकणच्या मिस्त्रीकडून वेगळं मीटर बसवून घेतलं होतं, इंजिनच्या तेलाचं. तेलाच्या टाकीच्या खालच्या नटात एक सेन्सर, तिथून वायर, आणि स्टिअरिंगच्या बाजूला बांगडीएवढी तबकडी. त्याला कारण होतं. आधीच्या गाडीचं इंजिन खेडच्या घाटात जाम झालं होतं आणि तेव्हा पाण्याचा काटा निवांत मध्यावर होता. हे मला सांगायचे, "पाणी तापलं की गाडी बोंब मारते. तेल तापलं की गाडी गप्प बसते. गप्प बसलेल्याला जास्त भ्यायचं."

रिकाम्या गाडीचं तेल नव्वद अंशांच्या पुढे-मागे राहतं. मागे दीड टन ओढायचं म्हटलं की शंभर, एकशे दहा होतं. एकशे वीस झालं की पाय हलका करायचा. एकशे तीस झालं तर थांबायचं, कारण एवढं तापलेलं तेल पाण्यासारखं पातळ होतं आणि धातूवर धातू घासायला लागतो. हे सगळं मला त्यांनी धडधाकट असताना, भाजी निवडता निवडता सांगितलं होतं. मी हूं हूं करत ऐकलं होतं.

ह्यांचं बोट पहिल्यांदा वर झालं ते एप्रिलमध्ये, त्याच खेडच्या घाटात. ट्रॉली मागे होती, ऊन अकराचं. मी तिसऱ्या गिअरवर चढत होते. मीटर एकशे पाचवर. शेजारी हालचाल झाली म्हणून पाहिलं तर ह्यांचा डावा हात मांडीवरून उचलला गेला होता आणि अंगठ्याशेजारचं बोट सरळ वर होतं. नजर समोरच्या रस्त्यावर. मी विचारलं, काय हवं? बोट तसंच. मी मीटरकडे पाहिलं, ठीक होतं. पुढच्या वळणावर पुन्हा पाहिलं तर काटा एकशे अठराला होता आणि चढतच होता.

ह्यांनी सांगितलेलं सगळं तेव्हा आठवलं. गिअर खाली घेतला, वेग सोडला, पण इंजिन फिरतं ठेवलं. वरच्या गिअरवर कोंडून ओढलं की तेल जास्त तापतं. रुंद जागा पाहून बाजूला घेतलं. इंजिन लगेच बंद केलं नाही. बंद केलं की तेलाचा फेरा थांबतो आणि इंजिनला हवा भरणाऱ्या टर्बोत असेल तिथे ते करपतं. पाच मिनिटं तसंच चालू ठेवलं, बॉनेट उघडलं. काटा खाली यायला लागला. थांबलोच आहोत तर म्हणून मी बाटलीतलं पाणी चमच्याचमच्यानं ह्यांना पाजलं, स्वतः प्यायले. ह्यांचा हात मांडीवर परत गेला.

दोन दिवसांनी पुन्हा तसंच झालं, मग पुन्हा. दर वेळी आधी बोट वर व्हायचं आणि अर्ध्या-एक मिनिटानं काटा चढायचा. एकदा तळेगावच्या रस्त्यावर बोट वर झालं आणि काटा ऐंशीवरच पडून राहिला. मी थोडी वाट पाहिली, पण बोट खाली येईना. म्हणून थांबले, सवयीनं ह्यांना पाणी पाजलं. बॉनेट उघडलं तर तेलाचा करपट वास. मिस्त्रीला बोलावलं. सेन्सरची वायर तुटून लोंबत होती. तो ह्यांच्या खिडकीशी बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "भाऊंनी इंजिन वाचवलं, वहिनी. मीटर तर मेलेलं होतं."

तेव्हापासून मी मीटरकडे बघणं सोडून दिलं आणि ह्यांच्या हाताकडे बघत गाडी चालवू लागले. अंगावर काटा यायचा, नाही असं नाही. पण खरं सांगायचं तर मला अभिमान वाटायचा. वाचा गेलेला माणूस, चमच्यानं जेवणारा, पण आपल्या गाडीचं तेल अजून त्याला कळतं. चहाच्या टपरीवर बाकीचे ड्रायव्हर ह्यांना बघायला यायचे आणि मी त्यांना हे सगळं रंगवून सांगायचे.

मे महिन्यात हिंजवडीचं एक काम लागलं. तिथे इमारतीचं काम चालू होतं, जनरेटर आज इकडे, उद्या तिकडे. चढ नव्हता, पण चढापेक्षा वाईट असतं ते कंपन्यांच्या कॅबमागे मुंगीच्या पावलानं सरकणं. मागे वजन, पहिला गिअर, समोरून वारा नाही. तेल तापतच जातं. अशा वेळी एक उपाय असतो, तोही ह्यांनीच सांगितलेला: केबिनचा हीटर लावायचा. इंजिनची उष्णता आत ओढली जाते, तेवढाच इंजिनला दिलासा. भर मे महिन्यात, दुपारी, मी काचा उघड्या टाकून हीटर पूर्ण सोडायचे. गरम झोत गुडघ्यांवर यायचा. माझा कुडता पाठीला चिकटायचा. ह्यांच्या कपाळावरून घामाच्या धारा लागायच्या आणि बोट वर ते वरच. मी ओढणीनं त्यांचा चेहरा पुसायचे आणि म्हणायचे, "अहो, थोडं सोसा. निवतंय तेल."

एवढं मी म्हणत होते, तेही दररोज.

जूनच्या तोंडाला ह्यांची पाठ घामोळ्यांनी भरली आणि एके ठिकाणी कातडी सोलली. डॉक्टर मला रागावले. मावशी म्हणाल्या, "अगं, मी दारात बसूनच असते. तुझ्या मालकांना इथंच ठेव. मी काय त्यांना टाकून कुठं जातीय व्हय?" मग ह्यांना घरी ठेवायला लागले. खाट दारासमोर आणली, म्हणजे मावशींना ओट्यावरून दिसतील. मी एकटीच निघायला लागले. शेजारची सीट रिकामी बघून पहिले दोन दिवस चुकल्यासारखं वाटलं. मीटर पुन्हा बघायला शिकले.

तिसऱ्या की चौथ्या संध्याकाळी मावशी सहज बोलल्या, की मालकांनी आज दोनदा बोट वर केलं होतं, गरम होत असंल म्हणून मी पंखा वाढवला. मी विचारलं, कधी? त्यांना घड्याळातलं नीट सांगता येत नाही, पण बसांवरून सगळं सांगतात. म्हणाल्या, एकदा सकाळच्या शिफ्टच्या बसा जाऊन बराच वेळ झाल्यावर, अन् एकदा दुपारच्या शिफ्टच्या बसा आल्या तवा.

त्या दिवशी काटा चढला म्हणून मी दोनदा थांबले होते. एकदा साडेदहाच्या सुमारास तळेगावच्या चढावर आणि एकदा अडीचला, चाकणच्या चौकात अडकून.

मी ते योगायोग म्हणून सोडून दिलं. पण दुसऱ्या दिवशी परत आल्यावर पुन्हा विचारलं आणि पुन्हा तेच निघालं. त्याच्या पुढच्या दिवशी महाळुंग्याच्या बाजूला ट्रॉली ओढत असताना काटा एकशे वीसला टेकला. मी गाडी कडेला घेतली, इंजिन चालू ठेवलं आणि मावशींना फोन लावला. हे काय करतायत, एवढंच विचारलं. पलीकडे खाटेशी जायचा आवाज आला, मग मावशी म्हणाल्या, "बोट वर हाय. आत्ताच केलंय. तुला तिथं कसं कळलं गं?"

मी फोन कानाला लावून मीटरकडे बघत होते. पाचएक मिनिटांत काटा सरकत शंभरावर आला. मी विचारलं, आता? त्या म्हणाल्या, न्हाई, आता खाली घेतला हात. झोपल्यात.

घर तिथून सात-आठ किलोमीटर असेल. मध्ये कारखाने, रस्ते, ट्रकांच्या रांगा. त्या दिवशी संध्याकाळी मावशींनी मीठ-मोहऱ्या घेतल्या आणि ह्यांच्यावरून ओवाळून चुलीत टाकल्या. त्या एरवी कशाला भीत नाहीत. मला मात्र म्हणाल्या, की ते बोट वर करत्यात तवा माझ्याकडं बघतबी न्हाईत, पार भिंतीच्या पल्याड बघितल्यागत बघत्यात, मला भ्या वाटतं.

मलाही वाटायला लागलं होतं. आधी मला वाटायचं, ह्यांना इंजिन ऐकू येतं, पायांना थरथर कळते, नाकाला वास येतो. मुरलेल्या ड्रायव्हरला कळतंच. पण आठ किलोमीटरवर काय ऐकू येणार? आणि कळत असेल तर नुसतं कळतं, की लागतं? काटा चढला की माझ्या डोळ्यांसमोर ह्यांचं सोललेलं अंग यायचं. तिथे ऊन नसताना, हीटर नसताना, ह्यांच्या आत काहीतरी तापत असेल असं वाटायचं.

मग मी त्या इंजिनची सेवा सुरू केली. दुसरा शब्द नाही. तेल ठरलेल्या किलोमीटरच्या कितीतरी आधी बदलायचे आणि ओढणाऱ्या गाडीला चालतं तसलं दाट, चांगलं तेल टाकायचे. रेडिएटरच्या आणि तेलाच्या कूलरच्या जाळीत चाकणची धूळ बसते, ती दर आठवड्याला पाण्यानं धुवायचे. तेही हळूच, जाळीची पातळ पानं वाकू नयेत म्हणून. जनरेटरची डिझेलची टाकी रिकामी करूनच ओढायचे, तेवढंच वजन कमी. चाळिसाच्या वर वेग न्यायचा नाही. पहाटे साडेपाचला निघायचं, ऊन तापायच्या आत पोचायचं. मिस्त्री म्हणाला, एवढी काळजी लोक पोटच्या पोराची घेत नाहीत.

आणि गुण आला. पावसाळाभर काटा एकशे दहाच्या वर गेला नाही आणि मावशींच्या सांगण्याप्रमाणे ह्यांनी बोट वर केलं नाही. दिवाळी झाली तरी नाही. मला वाटलं, मी जिंकले. हे दिवसेंदिवस जास्त झोपायला लागले होते, तेही मी शांतपणाच समजले.

जानेवारीतली गोष्ट. सकाळचे नऊ झाले होते आणि धुकं अजून उठलं नव्हतं. जनरेटर आदल्या दिवशी तळेगावजवळच्या एका कारखान्यात ठेवून आले होते, तो आणायला चालले होते. म्हणजे मागे ट्रॉली नव्हती, गाडी पूर्ण रिकामी. तेल दोनच दिवसांपूर्वी बदललेलं. थंडी इतकी, की मी स्वेटर घालून चालवत होते. अशा वेळी तेल नव्वदलाही लवकर पोचत नाही.

निम्म्या वाटेवर मीटर शंभर दाखवत होतं. मी म्हटलं, काहीतरीच. जरा पुढे गेले तर एकशे आठ. पाण्याचा काटा मध्याच्याही खाली. मी गाडी थांबवली, डिपस्टिक काढून पाहिली. तेल भरपूर होतं, मधासारखं स्वच्छ. चाकाला हात लावला, कुठला ब्रेक चिकटलाय का पाहिलं. चारही चाकं थंड. इंजिनचा आवाज गोड. बॉनेटवर दव होतं, तेसुद्धा अजून सुकलं नव्हतं. आत येऊन बसले तर काटा एकशे सोळावर होता.

मावशींना फोन केला. वाजत राहिला, उचलला नाही. मिस्त्रीला केला. तो म्हणाला, मीटर गेलं असणार, दुर्लक्ष करा, येताना दाखवा. त्याचं बरोबर होतं, दुसरं काय असणार? मी गाडी सुरू करून पुढे निघाले. दोन-तीनशे फूट गेले असेन. धुक्यात पुढच्या ट्रकचे लाल दिवे तेवढे दिसत होते. काटा एकशे वीसवर आला. माझा हात आपोआप शेजारच्या सीटकडे गेला, तिथे मीच ठेवलेली शाल होती. मी गाडी वळवली.

परतीच्या वाटेवर मी एकदाही मीटरकडे पाहिलं नाही.

घरी मावशी ओट्यावर कोवळ्या उन्हात बसल्या होत्या. फोन आत चार्जिंगला. मला बघून म्हणाल्या, लवकर आलीस? मालक निजल्यात, आज काही त्रास न्हाई, बोटबी वर केलं न्हाई. मी आत जाऊन ह्यांच्या गळ्याला हात लावला आणि तो मागे घेतला. एवढा ताप मी कुणाच्या अंगात बघितला नव्हता. ओठ सुकून पांढरे. श्वासाला घरघर. डावा हात पांघरुणाखाली अंगाशी दाबला गेला होता. ह्यांनी वर करायचा म्हटला तरी झाला नसता.

मावशींनी आणि मी मिळून ह्यांना पिकअपमध्येच घातलं. दवाखान्यात सांगितलं, न्यूमोनिया आहे. घास किंवा पाणी श्वासनळीत गेलं असावं आणि अंगातलं पाणीही फार कमी झालंय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दुपारी आणलं असतंत तर मी काही सांगू शकले नसते. अकरा दिवस ठेवलं.

मधल्या एका दिवशी मी मिस्त्रीकडे गेले. त्यानं सेन्सर काढला, किटलीत पाणी उकळलं, सेन्सर आणि आपला थर्मामीटर एकत्र बुडवून दोन्हींकडे बघत राहिला. एकदा उकळत्या पाण्यात, एकदा कोमट पाण्यात. दोन्ही वेळा आकडे जुळले. वायर नवी, जोड घट्ट. त्यानं सेन्सर पुसून माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "मीटर बरोबर आहे वहिनी. त्या दिवशी कुठलं तेल तापलं होतं ते मला विचारू नका." मग तो दुसऱ्या गाडीखाली शिरला आणि मी जाईपर्यंत बाहेर आला नाही.

दवाखान्यातून आल्यावर ह्यांना बोलायचं शिकवायला एक बाई घरी यायला लागल्या. चित्रं दाखवायच्या, ओठ कसे हलवायचे ते करून दाखवायच्या. तीन आठवडे नुसते आवाज निघाले. एका सकाळी मी भांडी घासत होते, मावशी शेंगा सोलत होत्या, त्या बाई समोर बसलेल्या. ह्यांनी डावा हात उचलला आणि बोट वर केलं. मावशींचा हात शेंगेवरच थांबला. माझी नजर दाराबाहेर गेली. पिकअप बंद उभी होती, आदल्या रात्रीपासून थंड. आणि हे म्हणाले, "पाणी."

बाईंना फार आनंद झाला. त्यांनी टाळ्या वाजवल्या. मी पेला भरून आणला, चमच्यानं पाजला, आणि बोट खाली आलं.

मी तिथेच खाली बसले. घाटात थांबले की मी त्यांना पाणी पाजायचे आणि बोट खाली यायचं. तळेगावच्या रस्त्यावर थांबले, पाणी पाजलं, बोट खाली आलं. हिंजवडीच्या गर्दीत मी पाणी दिलंच नव्हतं, थांबायला जागा नसायची. मी त्यांच्यावर हीटर सोडायचे आणि सोसा म्हणायचे. पिकअपचं इंजिन तापलं की खालचा पत्रा तापतो आणि ती धग आधी शेजारी बसलेल्याच्या पायाला लागते. त्याला तहान लागते. काटा नंतर हलतो. एवढं सोपं होतं. ड्रायव्हरांना रंगवून सांगितलेली माझी सगळी गोष्ट म्हणजे एका तहानेल्या माणसाची गोष्ट होती.

मावशी हळूच म्हणाल्या, "अन् मी आपली पंखे लावत बसले."

पण केबिनचं उत्तर मिळालं म्हणजे सगळं मिळालं असं नाही. घरी खाटेवर, पंख्याखाली, आठ किलोमीटरवर गाडी असताना ह्यांना त्याच मिनिटाला तहान का लागायची? आणि त्या जानेवारीच्या सकाळी? शब्द थोडे वाढले तेव्हा मी एकदा ह्यांना विचारलंच. खाटेशी बसून सगळं सांगितलं: घाट, मीटर, बोट, धुकं. विचारलं, तुम्हांला गाडीचं काही कळायचं का? हे मन लावून ऐकत होते. मग दाराबाहेर पाहिलं आणि प्रत्येक शब्द वेगळा उचलून ठेवल्यासारखं म्हणाले, "ती... गाडी... कुणाची?"

मला वाटलं, थट्टा करतायत. पण नव्हती. कंपनी आठवत होती, लातूर आठवत होतं, मी, माझं माहेर, सगळं होतं. पिकअप मात्र नव्हती. ती कधी घेतली, जनरेटर, ट्रॉली, घाटात जाम झालेलं इंजिन, मला शिकवलेलं तेलाचं सगळं, काहीच नव्हतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असं होतं, झटक्यात एखादा कप्पाच पुसला जातो. म्हणजे ते दोन-तीन महिने हा माणूस माझ्या शेजारी एका अनोळखी गाडीत बसत होता, आणि मी समजत होते की तो आपल्या जागी आलाय.

त्या उन्हाळ्यात मी जनरेटर आणि पिकअप दोन्ही काढून टाकले. चिखलीच्या बाजूला राहणारा एक चिपळूणकडचा गृहस्थ होता, चाळिशीचा, त्यानं घेतले. मी त्याला तेलाचं सगळं समजावलं: गिअर खाली घ्या, लगेच बंद करू नका, जाळी धूत जा. बाकीचं काही सांगितलं नाही. काय सांगणार होते? आता मी मोशीतल्या एका कंपनीच्या कँटीनला घरून पोळ्या पुरवते. हे काठी घेऊन ओट्यापर्यंत येतात आणि मावशींशेजारी बसतात. दोघं मिळून बसा मोजतात. पाण्याचा तांब्या ह्यांच्या डाव्या हाताशी असतो.

गेल्या महिन्यात दुपारी तीनच्या सुमारास त्या चिपळूणकराचा फोन आला. विचारत होता, ताई, ह्या मीटरला काय खोड आहे काय? गाडी रिकामी, सपाट रस्ता, तेल कालच बदललंय, आणि काटा एकशे पंधरावर चाललाय. मिस्त्री म्हणतो मीटर ठीक आहे.

मी तव्यावरची पोळी तशीच सोडून बाहेर ओट्यावर पाहिलं. हे बसले होते. पाणी पीत होते. मी जाऊन गळ्याला हात लावला, गार होता. ह्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, काय गं?

फोन अजून चालूच होता. मी त्याला विचारलं, तुमच्या घरी कोण आहे आत्ता?

तो म्हणाला, "आई आहे. एकटीच आहे. का?"

मी म्हटलं, "गाडी तिथेच राहू द्या. आधी घरी फोन करा."

पलीकडे गाडीचं दार आपटल्याचा आवाज आला. मग फोन बंद झाला. पोळी करपल्याचा वास ओट्यापर्यंत आला होता. त्यानंतर त्याचा फोन आलेला नाही, आणि मीही केलेला नाही.